तीन कोण म्हणालं

मी शाळेत एकतीस वर्षं कवायत शिकवली. मुलं पाठीमागे मला शिट्टीबाई म्हणायची आणि ते मला कळत नाही असं त्यांना वाटायचं. दरवर्षीची सहल माझ्याकडे असायची. दीडशे मुलं नेली, दीडशे परत आणली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते माझ्यासारख्या बाईच्या हातून झालं.

मोजायची माझी पद्धत सोपी आहे. प्रत्येकाला एक आकडा द्यायचा. हाक दिली की पहिल्यापासून क्रमाने ज्याने त्याने आपला आकडा ओरडायचा. आवाज जिथे थांबेल, तो हरवला. ही पद्धत मी घरातही आणली. सगळ्यांनी आधी टिंगल केली, मग ती अंगवळणी पडली. मी एक, लेक दोन, आमचे हे तीन, जावई चार आणि नऊ वर्षांची नात पाच. नातीला आम्ही टिकली म्हणतो, कारण ती कुठेही चिकटून बसते.

यांचं सगळंच सावकाश. जन्मभर छापखान्यात पुस्तकं बांधली. खळ वाळेपर्यंत थांबायची सवय हाडात मुरली, ती बोलण्यातही उतरली. चहा घेणार का विचारलं तर उत्तर येईपर्यंत चहा निवतो. मग आकडे मोजताना यांच्यासाठी कोण खोळंबून राहणार? एक म्हटलं, लेकीने दोन म्हटलं, की तीन मीच उरकून टाकायची. हे माझ्या डाव्या खांद्याशी उभे असायचेच. इतक्या वर्षांत तीन कुणाच्या आवाजात येतं, हे ऐकायचं सगळ्यांनीच सोडून दिलं होतं.

आम्ही दोघं लेकीकडे परदेशात आलो होतो. आठवडाभर तिच्या खिडकीतून समोरची खिडकी बघून झाली, तेव्हा जावयाने शनिवारी तळ्याकाठच्या एका गावी जायचं ठरवलं. रेल्वेने दोन तास, तिथे बोटीतून फेरी, संध्याकाळी परत. तिकिटं जावयाने काढली, बाकीचा कारभार माझ्याकडे. जेवणाची पिशवी माझ्या खांद्यावर, पाणी लेकीकडे, शिट्टी टिकलीच्या गळ्यात. इथल्या गाड्यांत लाल रंगाच्या कशालाही उगाच हात लावला तर दंड होतो, असं लेक म्हणाली. मी ते यांना दोनदा बजावलं.

यांना मधुमेह आहे. सकाळी साडेआठला इन्सुलिनचं इंजेक्शन, अकराला बिस्किटं, साडेबाराला जेवण. त्यात हयगय झाली की साखर झपाट्याने खाली येते. मागे एकदा कुणाच्या तरी लग्नात जेवायला दीड वाजला आणि हे पंगतीत बसल्या बसल्या आडवे झाले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "बाई, अजून अर्ध्या तासाने आणलं असतं तर मी काही करू शकलो नसतो." तेव्हापासून यांच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या असतात. पण त्या सकाळी थंडी होती, म्हणून मी यांना जावयाचा जाड कोट घालायला लावला. गोळ्या यांच्या कोटात, दारामागच्या खुंटीवर राहिल्या. फोनही घरीच राहिला. "आम्ही सगळे बरोबर असताना तुम्हाला फोन कशाला हवा?" हे वाक्य माझंच.

दहा पन्नासला गाडी एका लहानशा स्टेशनात थांबली ती थांबलीच. दिवे गेले, पंखे थांबले. भोंग्यावरून एक बाई काहीतरी बोलली आणि डब्यातल्या सगळ्यांनी एकदम सुस्कारा टाकला. लेकीने सांगितलं की वरची विजेची तार तुटली आहे, गाडी पुढे जाणार नाही. बाहेर दोन बस उभ्या आहेत, जागा मिळेल तसं बसा.

खोटं कशाला बोलू, मला स्फुरण चढलं. इतके दिवस लेकीच्या घरात मला कुणी काही करू देत नव्हतं. "उठा! चला! पिशव्या उचला! कुणी रेंगाळायचं नाही!" मी सगळ्यांना दारातून खाली लोटलं. फलाटावर ही गर्दी. बसकडे जायचा जिना समोरच, आणि लोक नुसते धावत होते. मी जिन्याकडे तोंड करूनच हाक दिली, "मोजा! एक!"

"दोन!"

"तीन."

"चार!"

"पाच!" टिकली किंचाळली.

पूर्ण. आम्ही धावलो.

बसमध्ये जागा मिळेल तिथे बसलो. मला ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली, लेक आणि टिकली मध्ये कुठेतरी, जावई पार मागच्या दाराशी उभा. हे जावयाबरोबर असणार, असं मी धरून चालले. हे माझ्याजवळ असणार, असं जावई धरून चालला. बस मोठ्या रस्त्याला लागली. उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली म्हणून मी टोपी पुढे ओढायला हात वर केला, तर डोक्यावर टोपीच नाही.

"अहो, माझी टोपी तुमच्याकडे आहे का?" मी मान न वळवताच मोठ्याने विचारलं.

उत्तर आलं नाही. यांना वेळ लागतो, म्हणून मी थांबले. रस्त्यावरचा एक पूल गेला, दुसरा गेला. मग मी मागे वळून बघितलं. जावयाने माझ्याकडे बघून प्रश्नार्थक मान हलवली आणि माझ्या शेजारच्या सीटकडे बोट केलं. तिथे एक अनोळखी म्हातारी वर्तमानपत्र वाचत होती.

मी उठले, गर्दीतून वाट काढली, टिकलीच्या गळ्यातली शिट्टी ओढली आणि जोर लावून वाजवली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. माणसं एकमेकांवर आदळली. मी हातवारे करत ओरडत होते, "थांबवा! आमचा माणूस मागे राहिला!" ड्रायव्हर लालबुंद होऊन लेकीवर खेकसला. या रस्त्यावर बस थांबवायला बंदी आहे, म्हणाला. पुन्हा शिट्टी वाजवली तर पोलिसांना बोलावीन. पुढच्या स्टेशनातच दार उघडेल.

पुढचं स्टेशन एरवी पंधरा मिनिटांवर. पण रेल्वे बंद पडल्यामुळे सगळं गाव रस्त्यावर आलं होतं आणि आमची बस मुंगीच्या पावलाने सरकत होती. माझ्या मांडीवर जेवणाची पिशवी होती. तिच्यात यांची बिस्किटं. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती, म्हणजे बिस्किटांची वेळ टळून गेली होती.

स्टेशनात पोचलो तेव्हा अकरा पंचावन्न. चौकशीच्या खिडकीत काचेपलीकडे एक कारकून बाई होती, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, समोर तीन फोन. तिच्यासमोरची रांग मी मोडली. लोक ओरडले, मीही मराठीत ओरडले. लेकीने भराभरा सांगितलं. बाईने कागद ओढला आणि एकेक प्रश्न विचारून लिहायला लागली. वय? एकाहत्तर. कपडे? जावयाचा काळा कोट. भाषा? येत नाही. आजार? लेकीने सांगितलं तशी बाईने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

मग तिने काहीतरी विचारलं आणि लेक लगेच म्हणाली, "हो, हो."

"काय विचारलं?" मी म्हटलं.

"बाबा गाडीतून उतरले होते ना, हे. मी सांगितलं, उतरले होते. फलाटावर आपण मोजलं, पाच झाले."

बाईने तसं लिहून घेतलं आणि त्या लहान स्टेशनात फोन लावला. तिथे एकच माणूस कामावर. तो यांना शोधायला निघाला.

मी काही बोलले नाही.

का नाही बोलले? मी स्वतःला सांगत होते की हे माझ्या खांद्याशी असतीलच, नेहमीच असतात. आज डावीकडे बघितलं होतं का, ते आठवायचा मी प्रयत्न करत होते. मला जिना आठवत होता, गर्दी आठवत होती, डावा खांदा आठवत नव्हता. आणि दीडशे मुलं नेली, दीडशे आणली, हे वाक्य मी आठ दिवसांत जावयाला चारदा तरी ऐकवलं होतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी फोन आला. मुतारीत नाहीत, बाकांवर नाहीत, बसच्या थांब्यावर नाहीत. तो माणूस आता बाहेरच्या रस्त्याने बघून येतो म्हणाला. लेक नवऱ्यावर घसरली. "तू सगळ्यात मागे होतास. एक म्हातारा माणूस सांभाळता आला नाही तुला?"

"मी तीन ऐकलं!" जावई म्हणाला. "तीन ऐकलं म्हणून चार म्हणालो. बाबा तिथे होते. जिन्यात कुठेतरी मागे पडले असतील."

"मग दिसले कसे नाहीत तुला?"

"तुला दिसले का?"

गरीब स्वभावाचा माणूस तो, त्याने आवाज चढवलेला मी पहिल्यांदा ऐकला. काचेपलीकडून बाईने नवीन सुचवलं. फलाटावर होते आणि आता नाहीत, म्हणजे दुसऱ्या बसने तळ्याकडे गेले असतील. ती तळ्याच्या गावचा नंबर फिरवायला लागली. बारा वाजून वीस. सगळं शोधकार्य उलट्या दिशेने निघालं होतं, आणि त्याला ढकललं होतं मी.

टिकलीने माझा हात धरला. तिचा चेहरा रडून रडून सुजला होता. "आजी, माझंच चुकलं का? मी आजोबांचा तीन नीट ऐकला नाही का? मला वाटलं ऐकला."

माझ्या जिभेवर आलेलं तोपर्यंत मी गिळत होते. त्या पोरीने ते स्वतःच्या डोक्यावर घ्यायला सुरुवात केली तेव्हा मात्र राहवलं नाही.

"तीन मी म्हणाले," मी म्हटलं.

लेक वळली. "काय?"

"तीन मी म्हणाले. नेहमी मीच म्हणते. मी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. तुझे बाबा गाडीतून उतरलेच नाहीत. माझी टोपी खिडकीजवळच्या खुंटीला राहिली होती. ती आणायला दारातूनच परत जागेकडे गेले असतील. त्या बाईला सांग, गाडीत बघा म्हणावं. आधी सांग, मग काय बोलायचं ते मला बोल."

लेकीने माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा चार शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं. मग ती काचेकडे वळली. बाईने हातातला फोन ठेवला आणि दुसरा उचलला. ती गाडी साडेअकरालाच इंजिन लावून यार्डात ओढून नेली होती. दारं बंद करण्याआधी गार्ड प्रत्येक डबा तपासतो, तसा नियमच आहे, असं बाई म्हणाली. पण म्हणता म्हणता तिने यार्डाचा नंबर फिरवला होता. घंटी वाजत राहिली. शनिवारची जेवणाची वेळ, कुणी उचलेना. बाईने एका चिठ्ठीवर यार्डाचा पत्ता लिहिला, खाली शिक्का मारला आणि काचेखालून चिठ्ठी सरकवली. टॅक्सीवाल्याला दाखवा, फाटकावरही दाखवा, तोवर मी फोन करत राहते, म्हणाली.

टॅक्सीवाल्याला जावयाने चिठ्ठी दाखवली. मी पिशवीतून टिकलीचा संत्र्याच्या रसाचा डबा काढून मुठीत धरून ठेवला होता. बारा बावन्नला आम्ही फाटकाशी उतरलो.

यार्डात एकसारख्या तीन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. तोच रंग, तेच आठ आठ डबे, सगळ्या खिडक्यांच्या काचा काळपट. बाहेरून आतलं काही दिसत नव्हतं. नारिंगी जाकीट घातलेला एक उंच कामगार चिठ्ठी वाचून आमच्याबरोबर पळत आला. कंबरेला दारांची किल्ली होती, पण सकाळची गाडी या तिघींतली कोणती ते त्याला माहीत नव्हतं. तो आताच कामावर आला होता. त्याने पहिल्या गाडीचा पहिला डबा उघडला. रिकामा. दुसरा. रिकामा.

मी रुळांमधल्या खडीवरून पळत सुटले. "अहो! अहो, कुठे आहात? अहो!" हाका मारल्या, शिट्टी मारली, पुन्हा हाका मारल्या. माझा आवाज तिन्ही गाड्यांवर आपटून परत येत होता. मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचणारा आवाज आहे माझा.

कामगार धावत माझ्यापर्यंत आला आणि त्याने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. मी तरी ओरडतच होते. मग त्याने माझ्या हातातली शिट्टी अलगद काढून घेतली, स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं आणि डोळे मिटून उभा राहिला.

मी गप्प झाले. लेक, जावई, टिकली, सगळेच जागच्या जागी उभे राहिले. कुठेतरी पत्रा तापून कडकड वाजत होता. लांब रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या. मला बोलावंसं इतकं वाटत होतं की मी दातांखाली ओठ धरला. किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या हिशेबी यांचं बोलणं यायला लागतो तेवढा गेला असेल.

टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्.

"तिसरी गाडी!" जावई ओरडला आणि आम्ही सगळे त्या बाजूला धावलो.

पाचव्या डब्यात, खिडकीशी, हे बसले होते. कोटाची सगळी बटणं लावलेली, कपाळावरून घामाच्या धारा, ओठ पांढरे. मांडीवर माझी टोपी. हात काचेला टेकवून ठेवला होता आणि त्यातली लग्नातली अंगठी काचेवर आपटायचं काम चालूच होतं. आम्ही समोर आलो तरी थांबलं नाही. मी रसाच्या डब्याची नळी यांच्या ओठांत दिली. "ओढा. अहो, ओढा." पहिला घोट हनुवटीवरून खाली गेला. दुसरा गळ्याखाली उतरला. जावयाने पाठीमागून आधार दिला, लेकीने बिस्किटाचा भुगा करून रसात भिजवला. कामगार फोनवर डॉक्टर मागत होता. मी यांची बोटं हातात धरून त्यांची थरथर मोजत बसले.

दहाएक मिनिटांनी ती थरथर कमी झाली. यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि टोपी पुढे केली.

"राहिली होती," हे म्हणाले.

मला रडू फुटलं. लेकीने बापाच्या पाठीवर डोकं टेकवलं. "बाबा, दाराजवळ लाल दांडा होता. तो ओढला असता तरी दार उघडलं असतं. का नाही ओढला?"

"लाल कशाला हात लावायचा नाही म्हणाली होतीस," हे माझ्याकडे बघून म्हणाले.

"आणि हाक तरी मारायची होती!" मी रडता रडता चिडले. "आम्ही खाली फलाटावर होतो की!"

यावर हे बराच वेळ गप्प राहिले. आज मी वाट बघितली.

"दिसत होतात तुम्ही," हे म्हणाले. "टोपी घेऊन वळलो तोवर दार लागलं होतं. काचेतून तुमचा आवाज येत होता. तू एक म्हणालीस. ही दोन म्हणाली. मी हात वर केला, तीन म्हणणार होतो. तेवढ्यात तूच म्हणालीस." हे दम घ्यायला थांबले. "मग चार झाले, पाच झाले. आकडा पुरा झाला ना. कुणी वर बघितलंच नाही."

यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. चाळीस वर्षं या माणसाचा आकडा मी म्हणत आले. आपण त्यांचा वेळ वाचवतो आहोत, असं मला वाटायचं.

डॉक्टर आले, बोट टोचून साखर बघितली, मान हलवली आणि अजून खायला घाला म्हणाले. आम्ही यार्डातल्या कामगारांच्या बाकावर बसून जेवलो. तळं राहिलं, बोटही राहिली.

परतीची गाडी तीन वाजून चाळीस मिनिटांनी होती. तार जोडली होती, पण सकाळपासून अडकलेले सगळे लोक त्याच फलाटावर होते. गाडी आली, दारं उघडली, गर्दी आत घुसायला लागली. टिकलीने सवयीने माझ्याकडे बघितलं.

"आजपासून एक आजोबा," मी म्हटलं. "मी तीन."

"का?" टिकलीने विचारलं.

"एकाशिवाय मोजणी सुरूच होत नाही, म्हणून."

आम्ही पाच जण दाराशी उभे राहिलो. हे कोटाचं वरचं बटण लावत होते, ते काजात बसेना. दार बंद होण्याआधीचा इशारा वाजायला लागला. जावयाने एक पाय आत ठेवला होता. लेकीने माझा दंड घट्ट धरला, कारण तिला मी माहीत आहे. माझ्या तोंडात तो आकडा अगदी तयार होता. मी तो तसाच ठेवला आणि यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

बटण बसलं. यांनी मान वर केली.

"एक," हे म्हणाले.